अक्षरांची सोयरीक

लिहिलेले वाचणारे पुष्कळ असतात. अक्षराकडे अक्षर म्हणून पाहणारे थोडे. त्यात वावगे काही नाही. पाणी पिताना तांब्याची घडण कोणी न्याहाळीत बसत नाही. तांब्या गळू लागला म्हणजे मात्र त्याच्याकडे लक्ष जाते. अक्षराचेही तसेच आहे. ते नीट असेल तर वाचणारा थेट अर्थाला जाऊन भिडतो. ते बिघडलेले असेल तर वाटेतच अडखळतो, आणि आपण का अडखळलो हे त्याला सांगताही येत नाही.

पूर्वी अक्षर निवडण्याचे काम छापखान्यातल्या जुळाऱ्याकडे असे. गिऱ्हाइकाने मजकूर द्यावा आणि जुळाऱ्याने घरातल्या केसांत जे खिळे असतील त्यांतून तो जुळवावा, अशी रीत होती. आज संगणक आणि मोबाइल घरोघरी आले, आणि ज्याला छापखान्यात टाइप म्हणत त्याला आता सगळे फॉन्ट म्हणू लागले. लग्नपत्रिका भाचा तयार करतो, जयंतीचा फलक मंडळाचा चिटणीस तयार करतो, दुकानाची पाटी मालक स्वतः जुळवून धाडतो. म्हणजे जुळाऱ्याचे काम प्रत्येकाकडे आले. जुळाऱ्याची नजर मात्र आपोआप आली नाही. म्हणून कोणत्या अक्षराशेजारी कोणते अक्षर शोभते, हा प्रश्न आता सर्व नागरिकांचा झाला आहे, आणि त्याचा येथे थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

जालना जिल्ह्याला तर या विषयाचा वारसाच आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १६०८ सालचा. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथात शाई, कागद, लेखणी आणि अक्षराचे वळण यांना एक सबंध समास मिळावा, ही गोष्ट लहान नव्हे. त्या समासाचा मथितार्थ आमच्या शब्दांत असा सांगता येईल : अक्षर घोटून घोटून वाटोळे व मोकळे करावे, काना, मात्रा, वेलांटी आपापल्या जागी असावी, एका ओळीचे अक्षर दुसऱ्या ओळीत घुसू नये, पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी मजकूर वाचतो, आरंभापासून शेवटापर्यंत सारे एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे, आणि अक्षर फार बारीक काढू नये, कारण तरुणपणी ते वाचता आले तरी म्हातारपणी उपयोगाचे नाही. टाइपांची जुळवणी करू पाहणाऱ्याने हा समास आधी वाचावा. सध्याची पाठ्यपुस्तके जे शंभर पानांत सांगतात त्याचा गाभा तेथे आहे. विशेषतः एकाच लेखणीची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे; तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

शिशाच्या टाइपाच्या काळात ही एकलेखणी पुष्कळशी आपोआप साधत असे. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी कारागीर त्यांना लाभला. पोलादी ठशावर अक्षर कोरावयाचे, त्याचा साचा घ्यावयाचा आणि त्यात शिसे ओतावयाचे, असे ते काम. एकाच कारागिराच्या हाताने लहानमोठ्या आकारांचे टाइप घडले म्हणजे मथळा आणि मजकूर हे एका घरातले वाटणारच. त्यातून देवनागरीची केस म्हणजे मोठे प्रकरण. जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार धरून काही शेकडा निरनिराळे खिळे लागत. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाने ही संख्या १९०पर्यंत खाली आणण्याच्या खटपटीत कित्येक वर्षे घातली, यावरून ती अडचण केवढी होती हे कळते. इतके खिळे विकत घ्यावयाचे म्हणजे दोन-चार तऱ्हांच्या पलीकडे छापखानदाराची ऐपत जात नसे. दारिद्र्याने आलेला हा संयम होता; पण त्यामुळे जुनी पुस्तके डोळ्यांना सुखावह झाली. देवनागरी टाइपांचा हा सारा इतिहास बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१ साली निघालेल्या तीन खंडांत मांडून ठेवला आहे.

आज स्थिती उलट आहे. र. कृ. जोशी यांनी घडविलेला मंगल हा टाइप विंडोज २००० बरोबर घरोघरच्या संगणकांवर गेला. त्यानंतर मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू, गूगलचा नोटो, खास मराठी वळणाचा तिरो देवनागरी मराठी, असे कितीतरी टाइप विनामूल्य मिळू लागले. पूर्वी एक टाइप घेताना छापखानदार दहा वेळा विचार करी. आता एका फलकावर दहा टाइप वापरताना कोणी एकदाही विचार करीत नाही. घरात भांडी पुष्कळ झाली म्हणून सगळी एकाच ताटाभोवती मांडावयाची नसतात.

तेव्हा निवड करावी कशी? आमच्या मते आरंभ मथळ्यापासून करू नये. तो मजकुरापासून करावा. जे अक्षर सर्वांत जास्त वाचले जाणार ते आधी ठरवावे आणि मग त्याला शोभेल असा मथळा शोधावा. मुलाचे स्थळ पाहताना आधी घर पाहतात, मांडव नंतर.

मजकुराचा टाइप पारखण्याची एक सोपी युक्ती सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांची नावे त्या टाइपात जुळवून पाहावीत : जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. या आठ नावांत अनुस्वार तीन ठिकाणी आहे, दीर्घ ऊकार दोन ठिकाणी आहे, फ्र हे जोडाक्षर आहे, आणि भ व घ ही दाट अक्षरे आहेत. बारीक छपाईत घ चा ध होतो, भ चा म होतो, ब चे पोट बुजून अंबडचे अंवड होते. जो टाइप ही आठ गावे लहान आकारातही स्वच्छ दाखवितो, तो निम्म्या परीक्षेत उतरला. उरलेल्या निम्म्या परीक्षेसाठी ‘शेतकऱ्याचे शुद्ध बियाणे’ आणि ‘वर्षाची गोष्ट’ एवढे शब्द पुरेत. त्यांत श आहे, ऱ्य आहे, द्ध आहे, ष्ट आहे आणि रफारही आहे. पुष्कळ परभाषी कारखान्यांच्या टाइपांना मराठीचा ऱ्य नीट काढता येत नाही. त्याचा र्य होऊन बसतो. तेथे तो टाइप खाली ठेवावा.

याच ठिकाणी ल आणि श यांचाही विचार केला पाहिजे. मराठी वळणाचा ल आणि श वेगळे, हिंदी वळणाचे वेगळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देवनागरी वर्णमालेची मराठीसाठीची रूपे नेमून दिली, त्यांत ही दोन अक्षरे मराठी वळणाचीच धरली आहेत. आता मथळ्याच्या टाइपात मराठी ल आणि मजकुराच्या टाइपात हिंदी ल असला, तर ‘जालना’ हा एकच शब्द एका पानावर दोन वेषांत हिंडतो. काही टाइपांत दोन्ही रूपे ठेवलेली असतात. संगणकात मजकुराची भाषा मराठी म्हणून नेमली की मराठी रूप पुढे येते. दोन टाइपांची सोयरीक करण्यापूर्वी ही दोन अक्षरे शेजारी ठेवून पाहावीत.

मजकुराचा टाइप ठरला. आता मथळा. येथे दोन मार्ग सुरक्षित आहेत आणि एक धोक्याचा. पहिला सुरक्षित मार्ग म्हणजे मथळाही त्याच घराण्यातला घ्यावा. फक्त तो मोठा करावा किंवा ठळक करावा. एकाच टाइपाची बारीक, मध्यम, ठळक, अतिठळक अशी भावंडे आता मिळतात, आणि त्यांच्यात न पटण्याचे कारणच नसते. दुसरा मार्ग म्हणजे स्पष्ट वेगळा टाइप घ्यावा. मजकूर बोरूच्या वळणाचा, जाड-बारीक रेघांचा असेल, तर मथळा एकसारख्या जाडीच्या रेघेचा घ्यावा. किंवा याच्या उलट करावे. वेगळेपण लांबून दिसले पाहिजे. धोक्याचा मार्ग तिसरा : जवळजवळ सारखे, पण सारखे नव्हेत, असे दोन टाइप. एकाचा काना किंचित जाड, दुसऱ्याची शिरोरेषा किंचित बारीक. जांभळ्या लुगड्याला त्याच्याहून थोडे फिकट जांभळे ठिगळ लावावे तसे ते दिसते. वाचणाऱ्याला त्यात योजना दिसत नाही. काहीतरी चुकले आहे एवढेच त्याच्या मनाला टोचते.

वेगळेपण असले तरी खाली कोठेतरी नाते हवे, नाहीतर सोयरीक टिकत नाही. हे नाते तीन ठिकाणी शोधावे. एक, शिरोरेषेची जाडी आणि कान्याची जाडी यांचे परस्परप्रमाण. दोन, ब, घ, क यांच्या पोटातील मोकळी जागा. एका टाइपाचे पोट प्रशस्त आणि दुसऱ्याचे आवळलेले असले तर ती दोन माणसे एका बाकावर बसू शकत नाहीत. तीन, वळणाचा स्वभाव. एकाच्या वळणांत गोलाई आणि दुसऱ्याच्या वळणांत कोन असले तर दोघांत पुष्कळ अंतर ठेवावे, एका ओळीत तर त्यांना आणूच नये. ओळ एक असेल तर शिरोरेषा एका उंचीवर आल्या पाहिजेत. शिरोरेषा ही देवनागरीची दोरी. ती मधेच वर-खाली झाली की सगळे धुणे वाकडे दिसते.

संख्येविषयी नियम साधा आहे. एका कामात दोन टाइप पुरेत. तिसरा घ्यावयाचा तर त्याला स्वतंत्र काम असले पाहिजे. प्रत्येक टाइप हा कामावर घेतलेला गडी समजावा. मथळ्याला एक, मजकुराला एक. मग हा तिसरा काय करतो, असा प्रश्न विचारावा. ‘तो छान दिसतो’ एवढेच उत्तर आले तर त्याला रजा द्यावी.

आता जेथे मराठीच्या शेजारी इंग्रजी येते तेथला प्रश्न घेऊ, कारण जालन्याच्या बाजारपेठेत तो पदोपदी येतो. रोमन आणि देवनागरी या लिपींची लेखणीच निराळी. रोमनसाठी लेखणीचे टोक एका बाजूला तिरपे कापतात, देवनागरीसाठी त्याच्या उलट. त्यामुळे एकीत जेथे रेघ जाड होते तेथे दुसरीत ती बारीक होते. शिवाय पॉइंटाचा आकडा फसवा असतो. बारा पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे. अक्षर ज्या शिशाच्या खिळ्यावर उभे असे त्या खिळ्याची ती उंची. देवनागरीच्या खिळ्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा ठेवावी लागते. म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला कमी जागा येते, आणि बारा पॉइंट इंग्रजीशेजारी बारा पॉइंट मराठी बहुधा लहान दिसते. तिला एक-दोन पॉइंट वाढवून द्यावे लागतात, आणि दोन ओळींतले अंतरही इंग्रजीपेक्षा सढळ ठेवावे लागते. समर्थांनी ओळीत ओळ घुसू नये म्हटले ते याच कारणाने.

ही नुसती सौंदर्याची बाब राहिलेली नाही. दुकाने व आस्थापना यांच्या कायद्यात महाराष्ट्राने २०२२ साली दुरुस्ती केली. तिच्याप्रमाणे पाटीवर देवनागरीतील मराठी नाव असलेच पाहिजे, आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. आता पाटी करणाऱ्याने संगणकात दोन्हीकडे एकच आकडा घातला, तर कागदावर समता होईल आणि भिंतीवर मराठी धाकटी दिसेल. आमची सूचना अशी, की आकडा सोडून फूटपट्टी घ्यावी. देवनागरी अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजावे, इंग्रजीचे मोठे अक्षर डोक्यापासून पायापर्यंत मोजावे, आणि पहिले दुसऱ्याहून उणे नाही असे पाहावे.

जालन्यात उर्दू वाचणारेही पुष्कळ आहेत. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. उर्दूची नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली उतरत जाते. तिला शिरोरेषेच्या आडव्या दोरीला बांधू नये. तिची ओळ स्वतंत्र ठेवावी, वर-खाली मोकळी जागा द्यावी, आणि रेघेची जाडी तेवढी मराठीशी जुळवून घ्यावी. तेवढ्याने तिन्ही भाषा एका पाटीवर सुखाने नांदतात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी देशभर प्रसिद्ध झाले. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हा बियाण्याची पिशवी हे आपल्या गावचे छापील वाङ्मय आहे असे म्हणावयास हरकत नाही. अशा एखाद्या कल्पित पिशवीवर काय काय असते? वाणाचे नाव, पिकाचे चित्र, उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख, लॉट क्रमांक, आणि बियाण्याला औषध चोळलेले असेल तर ते खाण्यासाठी किंवा जनावरांसाठी वापरू नये ही सूचना. ही सूचना १९६८ च्या बीज-नियमांप्रमाणे घालावीच लागते. पुष्कळदा दिसते ते असे, की वाणाचे नाव पिळदार, सावली पडलेल्या, सोनेरी टाइपात; कंपनीचे नाव दुसऱ्या टाइपात; घोषवाक्य तिसऱ्यात; आणि विषाची सूचना आवळून आवळून उरलेल्या जागेत. जे वाचले नाही तरी चालेल ते सर्वांत मोठे, आणि जे वाचलेच पाहिजे ते सर्वांत लहान.

हीच पिशवी आम्ही अशी जुळवू. मजकुरासाठी मोकळ्या पोटाचा, एकसारख्या जाडीचा एक टाइप. त्याच घराण्यातला ठळक टाइप सूचनेसाठी, मजकुराहून मोठा, भोवती मोकळी जागा सोडून. वाणाच्या नावाला दुसरा टाइप, वाटेल तेवढा डौलदार, कारण चार-पाच अक्षरे कशीही वाचता येतात. आकडे सगळीकडे एकाच टाइपाचे आणि एकाच लिपीचे. तारीख मराठी अंकांत आणि टक्केवारी इंग्रजी अंकांत असे करू नये. माल गुजरातेत जाणार असेल तर ज्या घराण्यात गुजरातीचेही टाइप आहेत असे घराणे घ्यावे. मुक्ता, बलू आणि नोटो यांच्यात ती सोय आहे. गुजरातीला शिरोरेषा नसली तरी एकाच घराण्यातली म्हणून ती अक्षरे परकी वाटत नाहीत.

काही बारीकसारीक पथ्येही आहेत. जागा भरावी म्हणून अक्षर रुंदीत ताणू नये. ताणले की काना जाड होतो, शिरोरेषा आहे तेवढीच राहते आणि टाइपाचे सगळे प्रमाण मोडते. देवनागरीत अक्षरांमध्ये अंतर घालू नये. शिरोरेषा तुटून शब्दाची अक्षरे विखुरतात. इंग्रजीचे पाहून मराठी अक्षर तिरपे करू नये. जोर द्यावयाचा तर ठळक करावे. आणि अतिठळक टाइप लहान आकारात वापरू नये, कारण घ, ध, क्ष यांची पोटे शाईने भरून जातात.

यावर कोणी म्हणेल, की एवढा काथ्याकूट कशाला? पत्रिका जरा विचित्र दिसली म्हणून लग्न मोडत नाही. हे खरे आहे; पत्रिकेपुरते आम्ही ते मान्य करतो. हौसेला थोडी मोकळीक असावी. परंतु कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता दाखविणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, आणि आत प्रमाण व खबरदारी सांगणारे घडीपत्रक असते. त्रिकोण निरक्षरालाही दिसतो. पण औषध किती पाण्यात किती घालावे हे त्रिकोण सांगत नाही. ते अक्षरांनाच सांगावे लागते. शेताच्या बांधावर, उन्हात, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला ते वाचता आले नाही, तर दोष त्याच्या डोळ्यांचा की जुळविणाऱ्याच्या हाताचा? समर्थांनी म्हातारपणाची आठवण ठेवून अक्षर मध्यम काढावयास सांगितले. वाचणाऱ्याची अशी काळजी वाहणे हेच या विद्येचे प्रयोजन आहे. शोभा तिच्या मागोमाग येते.

तेव्हा यापुढे पत्रिका, पाटी किंवा पिशवी छापावयास देण्यापूर्वी तिचा एक नमुना कागदावर काढावा, भिंतीला लावावा आणि दहा पावले मागे जाऊन डोळे किंचित मिटून पाहावे. सर्वांत महत्त्वाचे तेच सर्वांत आधी दिसते का, हे पाहावे. नंतर तोच कागद घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती द्यावा आणि मोठ्याने वाचावयास सांगावे. ते जेथे अडखळतील तेथे टाइप बदलावा.